पात्र आणि अपात्र

ऑक्टोबर सरत आला, कपाशीची पहिली वेचणी सुरू झाली, की आमच्या चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी ठेवली जाते. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा स्मरणदिन. त्या दिवशीच्या मिस्सात ज्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी अशी इच्छा असेल, त्यांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून भाविक त्या पेटीत टाकतात आणि मिस्साच्या वेळी आम्ही ती एकेक करून वाचतो. चिठ्ठ्यांना कसलाही कागद चालतो. कोणी मुलाच्या वहीचे पान फाडतो, कोणी कापूस विकल्याच्या पावतीची कोरी बाजू वापरतो. एखादी आजी शेजारच्या शाळकरी पोराकडून नाव लिहून घेते आणि मग आडनावातले ऱ्हस्व-दीर्घ त्या पोराच्या मर्जीवर राहते. परक्याला हे वाचन कंटाळवाणे वाटेल. नावे, नुसती नावे. गुणवर्णन नाही की तारीख नाही. पण वाचताना मध्येच मान वर करून पाहिले तर दिसते, की प्रत्येक नावाबरोबर बाकांवरचे कोणीतरी किंचित हलते. त्या नावाने कोणाच्या तरी डोळ्यांपुढे काहीतरी उभे केलेले असते.

काय उभे राहत असेल? संपूर्ण आयुष्य तर खचितच नाही. साठ-सत्तर वर्षे एका श्वासात कोणाच्याही डोळ्यांपुढे येत नाहीत. येते ते एखादे दृश्य, एखादी लकब, एखादे कृत्य. ते एक कृत्य कोण निवडतो आणि ती निवड न्याय्य असते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटला, तरी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तो वर्गात राहिलेला नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

देह गेला तरी मागे कीर्ती राहील असे जगावे, हा समर्थ रामदासांचा उपदेश आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रांच्या पुस्तकातही, नीतिमानाची आठवण आशीर्वादरूप होते आणि दुर्जनाच्या नावाला कुजट वास येतो, अशा अर्थाचे वचन आहे. सेमिनरीत असताना आम्हाला हा हिशेब अगदी सरळ वाटत असे. जसे शील तशी कृती, जशी कृती तशी स्मृती. पेरावे तसे उगवते. पुढे धर्मगुरू म्हणून गावोगाव फिरताना, माणसांना मातीत ठेवताना, हा हिशेब जुळेनासा झाला. (पेरावे तसे उगवते हे वचन कोरडवाहू शेतकऱ्यापुढे जपूनच उच्चारावे. तो काही बोलत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून आपल्याला कळते.)

पवित्र शास्त्र स्वतःच या सरळ हिशेबाला दोन ठिकाणी छेद देते. उपदेशकाच्या पुस्तकातील नवव्या अध्यायात एका लहानशा नगराची कथा आहे. एका बलाढ्य राजाने नगराला वेढा घातला असता तेथील एका गरीब पण शहाण्या माणसाने आपल्या बुद्धीने ते वाचवले. आणि पुढे त्या गरिबाची आठवण कोणालाच राहिली नाही. कृत्य मोठे, शील निर्मळ आणि स्मृती शून्य. दुसरी कथा बेथानीची. प्रभू येशू भोजनास बसला असता एका स्त्रीने मौल्यवान सुगंधी तेलाची कुपी फोडून ते त्याच्या मस्तकावर ओतले. भोवतालच्यांनी उधळपट्टी म्हणून कुरकुर केली. प्रभूने मात्र सांगितले, की जगात जेथे जेथे शुभवर्तमान गाजवले जाईल तेथे तेथे तिचे हे कृत्य तिच्या स्मरणार्थ सांगितले जाईल. विशेष असे, की हे वचन नोंदवणारे मार्क आणि मत्तय तिचे नावच देत नाहीत. योहानाने तशीच कथा सांगताना लाजरसाची बहीण मरिया हिचे नाव घेतले आहे, पण मार्काच्या पानावर कृत्य राहिले आणि नाव गेले. आमच्या पेटीतल्या चिठ्ठ्यांचे नेमके उलट असते.

ग्रीकांनाही हा प्रश्न पडला होता. सोलोन नावाच्या शहाण्याने क्रीसस या अतिश्रीमंत राजाला सांगितले, की शेवट पाहिल्याखेरीज कोणाही माणसाला सुखी म्हणू नये. ही कथा हेरोडोटसने लिहून ठेवली आहे. आपल्याकडेही अंतकाळी जशी मती तशी गती, अशी धारणा आहेच. दोन्हीकडे अखेरच्या क्षणाला सबंध आयुष्याहून अधिक वजन दिलेले दिसते. ॲरिस्टॉटलला हे पटले नाही. आपल्या नीतिशास्त्राच्या पहिल्याच भागात तो सोलोनचे म्हणणे तपासायला घेतो आणि विचारतो, की दैवाचे चाक फिरेल तसतसे माणसाचे मोल बदलत जायचे काय? त्याच्या मते माणसात टिकाऊ असे काही असेल तर ते म्हणजे सद्गुणाने चाललेली त्याची नित्याची कृती. घरे बांधता बांधता माणूस गवंडी होतो, तसा न्यायाने वागता वागता न्यायी होतो. शील ही एका दिवसाची कमाई नव्हे. सेमिनरीत हा भाग आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ लागायला पुढे पुष्कळ दफनविधी करावे लागले.

कारण ॲरिस्टॉटलचे म्हणणे मान्य केले, की एक मोठी अडचण उभी राहते. शील घडते ते रोजच्या, पुन्हा पुन्हा केलेल्या, कोणाच्या ध्यानातही न येणाऱ्या कृतींनी. स्मृती मात्र जे एकदाच घडले, जे वेगळे घडले, त्यालाच चिकटते. रोज वेळेवर उगवणाऱ्या सूर्याकडे कोणी पाहत नाही, ग्रहण लागले की सारा गाव अंगणात येतो. म्हणजे माणूस ज्यातून घडला ते स्मृतीला दिसत नाही; आणि स्मृतीला जे दिसते त्यातून तो घडलेला नसतो. आपल्या शील-कृतींवरून आपली आठवण ठरते, हे विधान खोटे नाही. पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे आठवण ठेवणाऱ्यांच्या हातात असते, आणि त्यांच्या शीलाची परीक्षा तेथे होते.

संत पेत्राने कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा प्रभूला नाकारले. त्याच रात्री त्याचे आयुष्य संपले असते, तर आपण त्याला कसे आठवले असते? त्याला पुढे वर्षे मिळाली, म्हणून नाकारणे ही त्याच्या कथेतील एक घटना ठरली. यहूदाला ती वर्षे मिळाली नाहीत. प्रभूबरोबर क्रुसावर खिळलेल्या चोराला मिळाले काही तास, आणि त्या तासांतील एका विनंतीने त्याच्या मागील साऱ्या लुटालुटीवर पडदा पडला. त्याची विनंतीही काय होती? आपली आठवण ठेवावी, एवढीच. शेवटच्या कृत्याने एक तरला, एक बुडाला. आपण माणसे याच दोन खणांत मृतांना टाकत जातो.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळतो. यवतमाळच्या दक्षिण भागात पुसद आणि महागाव हे तालुके शेजारी शेजारी आहेत. पुसद तालुक्यातील गहुली या गावी १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, अकरा वर्षांहून अधिक काळ, ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. संकरित बियाण्यांचा प्रसार, १९७२ चा दुष्काळ, रोजगार हमीची सुरुवात या गोष्टी त्यांच्या नावाशी जोडल्या गेल्या आहेत. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो आणि २०१३ साली परभणीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. सार्वजनिक जीवनातील कृतीने आठवण कशी घडते, याचे हे ठळक उदाहरण. यात विशेष कोडे नाही.

कोडे शेजारच्या तालुक्यात आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाण हे साहेबराव करपे यांचे गाव. १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यातील दत्तपूर येथे साहेबराव, त्यांची पत्नी आणि चार मुले यांच्या जीवनाचा अंत झाला. शेतीने आणलेली हलाखी त्यामागे होती. राज्यातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिचा उल्लेख होतो. २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला महाराष्ट्रात ठिकठिकाणी आणि राज्याबाहेरही लोक एक दिवस अन्नत्याग करून या घटनेचे स्मरण करतात. एकाच जिल्ह्याने शेतकऱ्याच्या नावाने महाराष्ट्राच्या दिनदर्शिकेला दोन तारखा दिल्या, एक जुलैची आणि एक मार्चची.

साहेबराव गावाचे सरपंच होते, संगीताचे जाणकार होते, असे त्यांच्याविषयी सांगतात. सरपंचाने किती पंचायती मिटवल्या असतील, किती संध्याकाळी त्यांच्या गळ्यातून सूर उमटला असेल, याची आठवण कोण काढतो? ते सारे एका तारखेखाली गाडले गेले. पण येथे आम्हाला दुसरीही गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना संकोच वाटतो. त्या दिवशी चार मुलेही गेली. त्यांना कोणी विचारले नव्हते. अशा घटनेला ‘सामूहिक आत्महत्या’ म्हणण्याचा प्रघात आहे. मुलांपुरता तरी तो शब्द खरा नाही. अन्नत्याग करणाऱ्यांबद्दल आम्हाला आदर आहे. पोटाला एक दिवस चिमटा घेऊन दुसऱ्याची भूक आठवणे ही आमच्या उपवासकाळाच्या फार जवळची गोष्ट आहे. तथापि, व्यवस्थेचा बळी एवढ्या एका शब्दाने साहेबरावांचे स्मरण पूर्ण होते असे आम्हाला वाटत नाही. आणि त्या दिवशीच्या कृत्याने पूर्ण होते असे तर मुळीच वाटत नाही. सुरात रमणारा माणूस, गावाने विश्वासाने निवडलेला माणूस, हतबल झालेला माणूस आणि आपल्याच लेकरांच्या बाबतीत भयंकर निर्णय घेणारा माणूस, हे चारही एकच होते. यांतला एकही गाळून चालणार नाही. स्मृतीला हे ओझे पेलवत नाही, म्हणून ती निवड करते.

पुढील काळात आमच्या भागात हा प्रश्न घरोघरी आला. ३० जून आणि १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले. यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत योजना जाहीर झाली. योजनेतून काय साधले हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आम्हाला येथे एका शब्दाविषयी लिहायचे आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की पंचनामा होतो, सातबाराचा उतारा जोडला जातो, कर्ज बँकेचे की सोसायटीचे की सावकाराचे, सावकार परवानाधारक की बिगरपरवाना, वसुलीचा तगादा होता की नव्हता, हे पाहिले जाते. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ते प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते. पात्र ठरले तर कुटुंबाला मदत. वर्षानुवर्षे तिची रक्कम एक लाख रुपये होती, त्यातील तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. अपात्र ठरले तर काही नाही. शासनाला नियम लागतातच आणि सार्वजनिक पैशाला हिशेब लागतो, हे आम्ही जाणतो. पण प्रकरण अपात्र ठरले असे त्या घरी कोणी म्हणत नाही. माणूस अपात्र ठरला, असेच म्हणतात. जिवंतपणी ज्याला पिकाने, बाजाराने आणि पावसाने नापास केले, त्याला मेल्यावर आणखी एका परीक्षेत बसवले, असे त्या घराला वाटते. जमीन वडिलांच्या नावावर होती म्हणून मुलगा अपात्र. कर्ज नातेवाइकाकडून घेतले म्हणून अपात्र.

हा शब्द ऐकला की आमच्या कानांत दुसरे काहीतरी वाजते. दर रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी चर्चमध्ये उभा असलेला प्रत्येक जण, धर्मगुरूसुद्धा, आपण प्रभूला आपल्या घरी घेण्यास पात्र नाही असे मोठ्याने कबूल करतो आणि मगच पुढे येतो. तेथे अपात्रतेची कबुली हेच भोजनाचे दार आहे. एकच शब्द सोमवारी कचेरीत दार लावतो आणि रविवारी वेदीपुढे दार उघडतो. आमच्या लोकांना दोन्ही ठिकाणी उभे राहावे लागते.

शब्दांचा हा जाच मृतापाशी थांबत नाही. मागे उरलेल्यांना ‘आत्महत्याग्रस्त कुटुंब’ असे नाव मिळते. भूकंपग्रस्त, पूरग्रस्त, तसे आत्महत्याग्रस्त. मुलाने दहावीला चांगले गुण मिळवले तरी बातमीत त्याच्या मागे तो शब्द चालत येतो. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे उद्घाटन आमच्याच जिल्ह्यातील एका शेतकरी भगिनीच्या हस्ते झाले. तिच्या पतीने काही वर्षांपूर्वी जीवन संपवले होते. ती मंचावर उभी राहून आपल्या हक्काचे बोलली आणि अवघा महाराष्ट्र ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशीही पुष्कळांनी तिचा परिचय तिच्या पतीच्या मृत्यूनेच करून दिला. वाईट हेतूने नव्हे. आपल्याकडे दुसरा शब्दच तयार नव्हता.

आमच्या ख्रिस्तसभेनेही या बाबतीत फार काळ कठोरपणा केला आहे, हे येथे सांगितले नाही तर आमचे बोलणे प्रामाणिक राहणार नाही. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला, त्याने पश्चात्तापाची काही खूण दिली नसेल तर, ख्रिस्ती दफनविधी नाकारला जात असे. आयुष्यभर रविवार न चुकवणारा माणूस एका घटकेमुळे पवित्र भूमीला मुकत असे. १९८३ च्या संहितेतील नकाराच्या यादीत आत्महत्येचा उल्लेख उरला नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिझममध्ये आत्महत्या हे गंभीर पाप असल्याचे स्पष्ट सांगून पुढे म्हटले आहे, की तीव्र मानसिक व्याधी, यातना, संकटाची भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते; अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, कारण केवळ परमेश्वरालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो तिला पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. आर्सचे धर्मगुरू संत जॉन व्हियानी यांच्याविषयी एक कथा सांगतात. पुलावरून उडी घेतलेल्या एका माणसाची विधवा शोकाने बोलेनाशी झाली होती. संतांनी तिला सांगितले, की पुलाचा कठडा आणि पाणी यांच्यामधल्या अंतरात तुझ्या पतीला पश्चात्ताप करण्याइतका वेळ मिळाला. शेवटच्या कृत्याच्या पलीकडेही एक शेवटचा क्षण असतो आणि तो मनुष्याच्या नजरेबाहेर आहे, असे त्या संताचे म्हणणे. आमच्या पिढीने सेमिनरीत नवी संहिता अभ्यासली. गावांची स्मृती मात्र जुनीच राहिली, आणि आम्ही त्या स्मृतीला पुरते ओळखले नाही.

हे ‘ओळखले नाही’ म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. सुमारे अठरा वर्षांपूर्वी आमच्या तेव्हाच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याने असाच आपला अंत केला. पाच एकर कोरडवाहू, एक बैलजोडी, म्हातारी आई, पत्नी, दोन मुली. आम्ही गेलो, विधी केला, कबरीपाशी सात-आठ मिनिटे प्रवचन केले. जीवन ही परमेश्वराची देणगी आहे, ती परत करण्याचा अधिकार आपला नाही, निराशेच्या काळात प्रार्थनेचा आधार सोडू नये, असे आम्ही बोललो. त्या प्रवचनातील एकही वाक्य धर्मशिक्षणाच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली, मातीही दिली. एवढे केले म्हणजे आपण जुन्या काळाच्या कठोरपणातून बाहेर आलो, असे समाधानही आम्हाला वाटले असावे. त्याचे नाव मात्र आम्ही विधीत जेवढे घ्यावे लागते तेवढेच घेतले.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस त्याची पत्नी पेटीपाशी आली. चिठ्ठी हातातच ठेवून उभी राहिली. आम्ही जवळ गेलो तेव्हा तिने विचारले, “फादर, त्यायचं नाव वाचता येईन का?”

आम्ही म्हटले, का नाही येणार? ती काही बोलली नाही. आमच्या प्रवचनातून तिने काय ऐकले होते, ते त्या प्रश्नात होते. दार आम्ही बंद केले नव्हते. पण दार बंद आहे असे वाटावे, अशा तऱ्हेने आम्ही त्याच्यापुढे उभे राहिलो होतो.

तिला बसवून घेतले. मग हळूहळू ती बोलू लागली आणि तिच्या बोलण्यातून आम्हाला तो माणूस प्रथमच कळला. आम्ही चार वर्षे त्याचे धर्मगुरू होतो. शेजारच्या धुऱ्याला एका विधवा बाईचे शेत होते. ती आमच्या धर्माची नव्हे. तिच्याकडे बैल नव्हते. पाऊस पडून जमिनीत वाफसा आला, की हा आपली बैलजोडी आधी तिच्या शेतात नेत असे; पेरणीला, मग डवरणीला. शेतीची ज्याला कल्पना आहे त्याला यातले मोल समजेल. वाफसा दोन-चार दिवसांचा असतो. तो गेला तर पेरणी लांबते, आणि लांबलेल्या पेरणीचे उत्पन्न घटते. आपले चार दिवस दुसऱ्याला देणे म्हणजे आपल्या घरातले पोते दुसऱ्याच्या घरात टाकणे होय. नऊ वर्षे त्याने हे केले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी करताना तो म्हणे, की यांनी दोन घरांचे ओढले आहे, तूप जरा जास्त लावा. शेवटच्या वर्षीही त्याने जोडी आधी तिकडेच नेली होती.

पंचनाम्यात याला रकाना नाही. समितीच्या कागदात नाही. आमच्या मृत्यू-नोंदवहीतही नाव, वय, मरणाची तारीख, कारण, दफनाची जागा एवढेच आहे. ‘कारण’ या रकान्यात आम्ही स्वतः जो एक शब्द लिहिला होता, तो त्याच्याविषयी ख्रिस्तसभेने कागदावर ठेवलेला शेवटचा शब्द आहे. ती नोंदवही आम्ही पुन्हा उघडून पाहिली. तिच्यात फेरफार करता येत नाही, आणि करूही नये. जे घडले ते घडले आहे.

येथे दोन आक्षेप येतील. एक आमच्याच बांधवांकडून येईल, की असे गुण सांगत बसणे म्हणजे आत्महत्येला प्रतिष्ठा देणे नव्हे काय? ही भीती आम्ही हलक्यात घेत नाही. ज्या गावात मृताचा फलक लागतो, पुढारी येतात, धनादेश देतानाचे छायाचित्र निघते, तेथे दुसऱ्या एखाद्या खचलेल्या माणसाच्या मनात नको तो विचार येऊ शकतो. मेल्यावर तरी आपली किंमत होईल, असे त्याला वाटले तर त्याला कोण आवरणार? म्हणून मरणाच्या प्रकाराचे वर्णन आम्ही कधीच करत नाही, आणि मरणाने काही साधले असे चुकूनही बोलत नाही. पण बैलजोडी आधी शेजारणीच्या शेतात नेण्याची गोष्ट मरणाला प्रतिष्ठा देत नाही. ती जगण्याची गोष्ट आहे. ती त्याच्या हयातीत कोणी मोठ्याने बोलले असते तर काय झाले असते, हा प्रश्न आम्हाला अनेक रात्री छळत राहिला आहे. आपल्याकडे जिवंत माणसाचे चांगले बोलायला लोक लाजतात. कोणाच्या मनात असा अंधार दाटला असेल तर त्याने कोणत्याही घटकेला आमचे दार वाजवावे, हे आता आम्ही दर पेरणीच्या आणि दर वेचणीच्या हंगामात वेदीवरून सांगतो, आणि दाराला आतून कडी लावत नाही.

दुसरा आक्षेप विधिशास्त्राचा. दफनविधीच्या मिस्सात मृताची स्तुती करू नये, शुभवर्तमानावर प्रवचन करावे, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध ही आपली खोड सर्वांना ठाऊक आहे. बायकोला उपाशी ठेवणारा कबरीपाशी कुटुंबवत्सल होतो, सावकारी करणारा दानशूर होतो. अशी स्तुती ऐकताना ज्यांनी त्याचा जाच सोसला ते मागे उभे राहून खाली पाहत असतात; त्यांचा तो दुसरा जाच. आम्ही स्तुतीच्या बाजूने बोलत नाही. साक्षीच्या बाजूने बोलतो. स्तुती करणारा बरे तेवढे निवडतो. साक्षीदाराने जे पाहिले ते सगळे सांगायचे असते, न पाहिलेले सांगायचे नसते. त्या शेतकऱ्याने आपल्या दोन मुलींना पोरके केले, हेही आमच्या साक्षीत आहे. थोरली पुढे आपल्या वडिलांवर कितीतरी वर्षे रागावलेली होती. तिच्या रागाला आम्ही कधी पाप म्हटले नाही. तोही स्मरणाचाच एक प्रकार आहे, आणि कदाचित आमच्या त्या प्रवचनापेक्षा अधिक प्रेमाचा.

त्या वर्षी २ नोव्हेंबरला आम्ही ते नाव वाचले. वाचताना थांबलो नाही, की आवाज बदलला नाही. इतर नावांसारखेच वाचले. मिस्सानंतर दफनभूमीत कबरींवर पवित्र पाणी शिंपडताना त्याच्या कबरीपाशी मात्र क्षणभर उभे राहून, जमलेल्या दहा-पंधरा जणांना बैलजोडीची गोष्ट सांगितली. कोणी काही बोलले नाही. एक म्हातारा एवढेच म्हणाला, की हे आम्हाला माहीत होते. माहीत होते तर मग दफनाच्या दिवशी कोणीच का बोलले नाही, असे विचारायचे आमच्या ओठांवर आले होते. पण त्या दिवशी बोलण्याचा मान आम्हालाच होता, आणि आम्ही बोललोही होतो.

पुढे आमची बदली झाली आणि काही वर्षांनी त्याच भागात पुन्हा येणे झाले. पेटी अजून तीच आहे, फक्त झाकणाची बिजागरी नवी. मागच्या वर्षी चिठ्ठ्या लावताना एकच नाव दोनदा आले. पहिली चिठ्ठी त्याच्या पत्नीच्या ओळखीच्या अक्षरातली होती. दुसरी कोणत्या तरी शाळकरी मुलाच्या हातची, आडनावात दीर्घाच्या जागी ऱ्हस्व, आणि तिच्याबरोबर वेदीसाठी म्हणून शेरभर तुरीची एक पिशवी. पिशवी कोणी ठेवली म्हणून चौकशी केली. धुऱ्यापलीकडची ती बाई सकाळीच येऊन गेली होती. चर्चच्या आत ती आली नाही, दारातूनच परतली. पाय आता फार दुखतात तिचे, असे सेवकऱ्याने सांगितले.

दोनपैकी एक चिठ्ठी बाजूला ठेवावी, असे मदतीला बसलेल्या मुलाने सुचवले. आम्ही दोन्ही ठेवल्या आणि ते नाव दोनदा वाचले.